साध्या गाडीवर जीव का जडतो?

या अंकासाठी निवडलेली तिन्ही पत्रं जुन्या, साध्यासुध्या गाड्यांबद्दलची आहेत. पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण तो प्रश्न मलाही जवळचा आहे.

प्रश्न : जुन्या गाड्या आवडतात असं म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांसमोर व्हिंटेज गाड्या नाहीतर स्पोर्ट्स कार येतात. माझं तसं नाही. मला ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या अगदी सामान्य गाड्या आवडतात. टोयोटा कोरोला, फोर्ड एस्कॉर्ट, फियाट उनो, ओपेल कॅडेट. अशी एखादी कुठे उभी दिसली की पाय थांबतात. लहानपणी आमच्या घरी गाडीच नव्हती, त्यामुळे आठवणींचाही प्रश्न नाही. घरचे विचारतात, ‘त्यात बघण्यासारखं आहे तरी काय?’ मला सांगता येत नाही. तुम्ही सांगाल का?

उत्तर : तुमच्या घरच्यांचा प्रश्न मला विद्यार्थ्यांनीही विचारलेला आहे आणि शेजाऱ्यांनीही. मी बरीच वर्षं मोटार मेकॅनिकचा विषय शिकवला. वर्गातल्या मुलांना इंजिन कितीचं आहे आणि गाडी किती पळते एवढंच हवं असायचं. माझ्या घरी मात्र १९८८ सालची बदामी रंगाची कोरोला सेदान आहे, आणि ती मी अजून सांभाळून आहे. तिच्याकडे वळून कुणी बघत नाही. मला ती बघताना आनंद होतो.

आधी तुमच्या आवडीचा आवाका बघा. कोरोला १९६६ साली आली, ती मुळातच जास्तीत जास्त लोकांना चालावी म्हणून. १९९७ साली तिने फोक्सवॅगन बीटललाही मागे टाकलं आणि जगात सर्वांत जास्त विकलेलं गाडीचं नाव तिचं झालं. म्हणजे तुम्ही जिच्यासमोर थांबता ती गाडी कोट्यवधी लोकांनी पाहिली आहे, तिच्यात बसून कामावर गेले आहेत, तिच्या डिकीत सामान भरलं आहे. दुर्मीळ वस्तूवर प्रेम करायला जग शिकवतं. जी सगळीकडे होती तिच्यावर प्रेम करायला कुणी शिकवत नाही, ते आपलं आपल्याला सुचावं लागतं.

आठवणींचा मुद्दा तुम्ही स्वतःच बाजूला ठेवलात, पण त्याची एक शाखा उरते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली एक गोष्ट दाखवून दिली. लोकांना अर्थहीन शब्द, अनोळखी चिन्हं, अनोळखी चेहऱ्यांचे फोटो कमीजास्त वेळा दाखवले, आणि जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त आवडलं. कारण काही नाही, फक्त दिसत राहिलं. तुमच्या घरी गाडी नसली तरी रस्ता होता. या गाड्या वर्षानुवर्षं तुमच्या नजरेच्या कडेला उभ्या होत्या, तुम्ही त्यांच्याकडे कधी लक्ष देऊन न पाहता. आता त्या कमी झाल्यावर नजर त्यांना शोधते.

पण एवढ्यावर थांबणं मला पटत नाही. नुसतं दिसत राहिल्याने जीव जडत असता तर दिव्याच्या खांबांवरही जडला असता. या गाड्यांमध्ये काहीतरी आहे.

पहिली गोष्ट, काचा. जुन्या सेदानमध्ये बसून मागे वळून बघा. छताचे खांब बारीक, दारांची कड खाली, आणि चारी बाजूंनी उजेड. आजच्या गाड्यांचे खांब जाड झाले ते चांगल्या कारणांनी: गाडी उलटली तर छत टिकावं, आणि बाजूच्या एअरबॅग त्यात मावाव्यात. मला त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या उजेडामुळे जुन्या गाडीत आतली माणसं बाहेरून दिसायची, आणि बाहेरचं जग आत बसलेल्याला सगळं दिसायचं. आकारही तसाच. १९७४ ची पहिली फोक्सवॅगन गोल्फ सुमारे ३.७ मीटर लांब आणि १.६१ मीटर रुंद होती. २०१९ ची आठवी पिढी सुमारे ४.२८ मीटर लांब आणि १.७९ मीटर रुंद आहे. जुनी गाडी माणसाशेजारी उभी राहिली की माणसाएवढीच वाटते, आणि मला वाटतं तुमचे पाय थांबतात त्यात याचा मोठा वाटा असावा.

दुसरी गोष्ट हाताची आणि कानाची आहे. कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका यांत्रिक भागात तयार करणारी जुनी गाडी थंडीत चालू करून बघितली आहे का? पेट्रोल गार असताना त्याची वाफ नीट होत नाही. म्हणून हवा कमी करून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं, चोकचं काम इतकंच. चोकची घुंडी पूर्ण ओढायची आणि सेल्फ मारायचा. इंजिन पकडतं आणि चढ्या आवाजात फिरायला लागतं. थोड्या वेळाने तोच आवाज जड होतो, ठोके अडखळतात, मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. इंजिन आता पुरेसं तापलंय, पेट्रोल जास्त होतंय. घुंडी थोडी आत ढकलायची. इंजिन क्षणभर खाली बसतं, मग सावरतं. पुन्हा थोडी आत. कुठे थांबायचं ते कुठल्याही काट्यावर लिहिलेलं नसतं, आवाज सांगतो. प्रत्येक गाडीचं निराळं, आणि त्याच गाडीचं पावसात निराळं. आज हे सगळं ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, करतो. माणसापेक्षा अचूक करतो आणि धूरही कमी होतो, हे मी वर्गात शिकवलं आहे आणि ते खरंच आहे. तरीही, गाडीचं म्हणणं ऐकून मगच निघायचं, ही ओळख त्या घुंडीमुळे होत होती.

माझ्या कोरोलाचं काच खाली करायचं हँडल निम्म्यावर आलं की हाताला जरा जड लागतं. तिथे काचेच्या चॅनेलचं रबर आटलं आहे. तेवढ्या एका जागेवरून मला दाराच्या आत काय चाललंय ते कळतं. साधी गाडी अशी उघड असते. बॉनेट उघडलं की कुठली तार कुठे जाते ते दिसतं, आणि पान्यांचा एक साधा संच घेऊन बरंच काही करता येतं.

तिसरी गोष्ट घरच्यांना जरूर सांगा. ‘सामान्य’ गाडी म्हणजे कुणीतरी उरकून टाकलेली गाडी, असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. पहिली गोल्फ, १९८० ची फियाट पांडा आणि १९८३ ची उनो, तिन्ही इटालियन डिझायनर जॉर्जेत्तो ज्युजारो यांच्या हातच्या. लोटस एस्प्रीसारखी देखणी स्पोर्ट्स कारही त्यांचीच, आणि १९९९ साली शतकातले सर्वोत्तम कार डिझायनर म्हणून त्यांची निवड झाली. उनोचं छत बघा, त्या काळच्या छोट्या गाड्यांपेक्षा उंच. माणसं थोडी सरळ बसवली की पाय कमी लांब पसरतात आणि छोट्या लांबीत मागच्यांनाही नीट जागा मिळते. वायपर एकच, पण काच पुसायला पुरेसा. स्पोर्ट्स कार काढताना डिझायनरला एका हौशी मालकाचा विचार करावा लागतो. उनो काढताना आजी, मूल, पिशव्या आणि पेट्रोलचा खर्च या सगळ्यांचा करावा लागला. मला हे काम जास्त कठीण वाटतं, आणि ते चांगलं जमलेलं दिसलं की मन भरून येतं.

आणि या गाड्या जाताहेत. भारी गाडी पहिल्या दिवसापासून झाकून ठेवली जाते. साधी गाडी चालते तोवर चालवतात, मग तिचे सुटे भाग दुसरीला लावतात, मग पत्रा भंगारात. कोट्यवधींच्या संख्येने बनलेली गोष्ट संपते तेव्हा ती संपल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेत २००९ साली जुनी गाडी देऊन नवी घेण्याची सरकारी योजना आली, तेव्हा काही आठवड्यांतच ६ लाख ७० हजारांहून जास्त गाड्या जमा झाल्या. त्या पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत म्हणून इंजिनातलं ऑइल काढून त्यात सोडियम सिलिकेटचं द्रावण घालायचे आणि इंजिन जाम होईपर्यंत फिरवायचे. योजनेमागचा हेतू समजतो. पण चालू इंजिन असं बंद पाडलेलं मला बघवत नाही.

तुम्ही एकटे नाही, हेही सांगते. इंग्लंडमध्ये २०१४ पासून अशा बिनमहत्त्वाच्या गाड्यांचा मेळाच भरतो. त्याचं नावच ‘फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल’. लोक तिथे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या फॅमिली गाड्या धुऊनपुसून आणतात. सगळ्यांत कमी सोयींचं, सगळ्यांत स्वस्त मॉडेल असेल तर त्याच्याभोवती गर्दी जास्त, कारण तेच सगळ्यांत कमी उरलं आहे. महागडं मॉडेल त्या काळीही कुणीतरी जपलंच होतं.

तेव्हा ‘त्यात काय आहे’ असं कुणी विचारलं तर त्यांना गाडीत बसवा. मागच्या सीटवर. काच त्यांना हाताने खाली करू द्या. तेवढ्याने आवड निर्माण होईलच असं नाही, आणि व्हायलाच हवी असंही नाही.

प्रश्न : मुलाने तीसेक वर्षांपूर्वीची छोटी हॅचबॅक घेतली आहे आणि ती रोज हायवेने कामाला न्यायची म्हणतो. गाडी सुस्थितीत आहे. परवानगी द्यावी का?

उत्तर : हायवेवर रोज, नको. जुन्या साध्या गाड्यांवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच हे स्पष्ट सांगते. १९९७ साली युरो एनकॅप या गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या युरोपातल्या उपक्रमाचे पहिले निकाल आले, तेव्हा रोव्हर १०० या छोट्या गाडीला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला. ती मुळात १९८० च्या ऑस्टिन मेट्रोवर बेतलेली होती. ताशी ६४ किलोमीटरच्या धडकेत चालकाची जागाच आत चेपली गेली. इंजिन किती छान चालतं याचा याच्याशी संबंध नाही. त्या काळी छोट्या गाड्यांचा सांगाडा अशी धडक सोसेल असा सहसा आखला जात नव्हता. समोरून येणारी आजची गाडी जड आहे, हेही लक्षात घ्या.

जवळपासच्या रस्त्यांवर, कमी वेगात, सुट्टीच्या दिवशी त्याने जरूर चालवावी. त्याआधी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. कडेचे धागे सुटले असतील किंवा झटका दिल्यावर बेल्ट अडकत नसेल तर तो बदलायचाच. टायरच्या बाजूवरचा कोड वाचा. शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे. नक्षी कितीही खोल दिसली तरी तो काढून टाका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि तापल्यावर लवकर उकळतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. पेट्रोलचे रबरी होज पाइपही बदलून घ्या. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही, आणि गरम इंजिनाशेजारी गळणारा पाइप म्हणजे आग.

प्रश्न : जुनी सेदान मिळाली आहे. रंग मूळचा, मळकट तपकिरी. सगळे म्हणतात, लाल करून घे, उठून दिसेल. काय करू?

उत्तर : तपकिरीच ठेवा. लाल झालेल्या सेदान पुष्कळ सापडतील, मूळ तपकिरी रंगातली शोधून मिळणार नाही. आणि त्या वर्षांतल्या गाड्या खरोखर अशाच दिसायच्या: तपकिरी, बदामी, फिकट हिरव्या.

मळकटपणा बहुधा वरच्या थराचा असतो. डिकीच्या आतल्या कडेला थोडं पॉलिश घेऊन पांढऱ्या फडक्याने घासा. फडकं तपकिरी झालं तर वर पारदर्शक लॅकर नाही, रंगाचाच वरचा थर मेलेला आहे. तो हलक्या हाताने काढला की खालचा ताजा रंग वर येतो. कडांवर आणि घड्यांवर जपून, तिथे रंग पातळ असतो आणि पॉलिशिंग मशीन क्षणात पत्र्यापर्यंत पोचतं. फडकं पांढरंच राहिलं तर वर लॅकर आहे. ते नुसतं धुरकट असेल तर पॉलिशने सुधारतं, पण सोलवटायला लागलं असेल तर पॉलिश करून उपयोग नाही, तेवढा भाग पुन्हा रंगवावा लागेल.

त्यासाठी रंगाचा कोड लागतो. तो बॉनेटखालच्या किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो. पण इतक्या वर्षांच्या उन्हाने गाडीचा रंग त्या कोडपासून थोडा सरकलेला असणार. म्हणून रंगवणाऱ्याला आधी पेट्रोलच्या झाकणावर मारून दाखवायला सांगा आणि वाळल्यावर, उन्हात, गाडीला लावून बघा.