एक्सेजिसिस आणि हर्मेन्युटिक्स : दोन्ही 'भाष्य'च का?

प्रश्न असा आला आहे : "भाची पुण्यात एका सेमिनरीत (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेत) एम.टीएच., म्हणजे थिऑलॉजीतली पदव्युत्तर पदवी, करते, विषय नवा करार (बायबलचा दुसरा भाग). तिच्या तोंडी सारखे एक्सेजिसिस आणि हर्मेन्युटिक्स असते. दोन्हींना 'भाष्य' म्हटले तर चालेल का? आणि ती धर्मशास्त्र शिकते, असे पाहुण्यांना सांगावे का?"

पाहुण्यांचे आधी उरकू. 'धर्मशास्त्र' म्हटले की मराठी माणसाला मनुस्मृती आठवते, नाहीतर सुतक किती दिवसांचे हा वाद. शिवाय मराठी बायबलात मोशेच्या नियमांना 'नियमशास्त्र' म्हणतात आणि खुद्द बायबलला 'पवित्र शास्त्र'. त्यात आणखी एक शास्त्र कशाला? थिऑलॉजीसाठी ख्रिस्ती लेखनात 'ईश्वरविज्ञान' आहे, तोच वापरावा. 'विज्ञान' खटकत असेल तर गीतेचा सातवा अध्याय आठवा : ज्ञानविज्ञानयोग. तिथे कुठे प्रयोगशाळा आहे?

आता भाष्य. भाष्य म्हणजे लिहून हातात आलेला ग्रंथ. एक्सेजिसिस ही त्याच्या आधीची खटपट. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याला 'नव्याने' जन्मण्याविषयी सांगतो. मूळ ग्रीक शब्द 'अनोथेन'. त्याचा अर्थ 'पुन्हा' होतो, तसाच 'वरून'ही. निकदेम 'पुन्हा' हा अर्थ धरतो आणि विचारतो, म्हाताऱ्या माणसाने आईच्या पोटात परत शिरायचे कसे? पण त्याच अध्यायाच्या 31व्या ओवीत (ओवी म्हणजे वचन, ज्ञानेश्वरीतली नव्हे) हाच शब्द येतो, 'जो वरून येतो' अशा अर्थाने. एकोणिसाव्या अध्यायात येशूचा बिनशिवणीचा झगा वरपासून खाली सलग विणलेला आहे, तिथेही अनोथेनच. मग निकदेम फसला तो शब्दाच्या दुहेरीपणामुळे, आणि लेखकाने तो जाणूनबुजून वापरला, असे म्हणायला आधार मिळतो. कोश, व्याकरण, मागचा-पुढचा संदर्भ, हस्तलिखितांतले पाठभेद धुंडाळून केलेल्या या कामाला मी 'अर्थविवरण' म्हणेन.

एक्सेजिसिसच्या मुळाशी 'बाहेर आणणे' आहे, म्हणून कुणी 'अर्थ काढणे' सुचवतात. तो मोह टाळावा. "तू भलताच अर्थ काढलास" या आपल्या रोजच्या वाक्यात अर्थ संहितेतून (मूळ मजकुरातून) निघालेला नसतो, ऐकणाऱ्याने पदरचा घातलेला असतो. सेमिनरीत त्या चुकीला आयसेजिसिस म्हणतात. म्हणजे शब्दशः भाषांतर करायला गेलो तर नेमका उलटा अर्थ पदरात पडेल! 'अर्थ लावणे' बरे : कुलूप उघडायला किल्ली लावतो तसे.

हर्मेन्युटिक्स याच्या एक पायरी मागे जाते. किल्ली कोणती लावायची आणि ती बरोबर कशावरून, याचा तो विचार. पहिल्या शतकातल्या ग्रीक वाचकासाठी लिहिलेले आज आपल्याला कितपत कळते? वाचणारा आपल्या परंपरेचे, जातीचे, लिंगाचे काय काय सोबत आणतो? एकोणिसाव्या शतकात श्लायरमाखर या जर्मन ईश्वरविज्ञान्याने हा विचार बायबलपुरता न ठेवता सगळ्याच संहितांना लागू केला; म्हणून तो शब्द आज साहित्य आणि कायद्याच्या वर्गातही भेटतो. आपल्याकडे वेदवाक्यांसाठी हे काम पूर्वमीमांसेने केले. पण 'बायबल-मीमांसा' म्हटले तर कुणालाही साधी चर्चाच वाटेल, इतका तो शब्द मराठीत सैल झाला आहे. मराठी समीक्षेत 'अर्थनिर्णयन' चालतो. त्याला 'शास्त्र' जोडले की काम भागते.

भाची सांगेल तो तिसरा शब्द टेक्स्चुअल क्रिटिसिझम, म्हणजे हस्तलिखिते ताडून मूळ पाठ ठरवणे. त्याला 'बायबलवरील टीका' मात्र म्हणू नका, गावात भांडण लागेल. 'पाठचिकित्सा' म्हणा. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढली, ती अशाच पद्धतीने पोथ्या ताडून.