मेंढीच्या नडगीत इम्प्लांट 'यशस्वी' झालं, म्हणजे नेमकं काय झालं?

तुमचा प्रश्न असा: नडगीचं पाच-सहा सेंटिमीटर हाड गेलं, तर ती जागा भरणारं नवं इम्प्लांट मेंढ्यांमध्ये यशस्वी ठरलं असं वाचलंय, त्यावर किती भरवसा ठेवायचा? मी जनावरांचा डॉक्टर, शिक्षण महूला, घर इंदूरला. अशाच एका प्रयोगात शेळ्यांना भूल देण्याचं काम माझ्याकडे होतं, तेवढ्या भांडवलावर सांगतो.

आधी एक्स-रे बाजूला ठेवा. बारा आठवड्यांनी आमचा एक्स-रे पाहून सगळे खूश झाले होते, पोकळी पांढरीशुभ्र भरलेली. पण भरलं होतं ते कॅल्शियम फॉस्फेटचं सिरॅमिक. त्यात हाड शिरलेलं नसलं तरी ते पांढरंच दिसतं. मग हाड बाहेर काढून त्यावरचे आधाराचे प्लेट-स्क्रू काढले, हाडाची दोन्ही टोकं सिमेंटच्या वाट्यांत बसवली आणि मशीनवर पिळलं. चांगल्या पायाचं हाड बराच वेळ तग धरून कडाडलं. दुसऱ्याचा धड आवाजही आला नाही, मूळ हाड आणि इम्प्लांटच्या शिवेवर खडू मोडावा तसं सुटलं. भार प्लेटच वाहत होती! शेळी तर कधीचीच चालत होती. म्हणून 'प्राणी चालू लागला' या वाक्याला मी किंमत देत नाही.

मग तुलना कशाशी केली ते बघा. काहीच न भरलेली पोकळी आपोआप जुळत असेल, तर इम्प्लांटचं श्रेय काय? त्यासाठी पोकळी हाडाच्या जाडीच्या निदान दोन-अडीच पट लांब ठेवतात; मेंढीच्या नडगीत बहुधा ३ सेंमी. आणि समोर खरा पैलवान हवा, म्हणजे कमरेच्या हाडातून काढलेला त्याच प्राण्याचा हाडाचा चुरा. जनावरं कोवळी होती का तेही पाहा, त्यांचं हाड पटकन धरतं.

माणसांत आज चालणारे उपाय वेळखाऊ आहेत, पण पारखलेले आहेत. रामबागेतले आमचे शेजारी काका इलिझारोव्हची रिंग (पायाभोवती बाहेरून कड्या आणि हाडात तारा; कापलेला हाडाचा तुकडा हळूहळू सरकवतात आणि त्याच्यामागे नवं हाड तयार होतं) लावून पाना घेऊन बसायचे: दिवसातून चारदा पाव-पाव मिलिमीटर, म्हणजे रोज १ मिमी. सहा सेंटिमीटरला ६० दिवस नुसतं सरकवण्यातच जातात, पक्कं व्हायला पुढे कितीतरी महिने. मास्केलेच्या पद्धतीत आधी सिमेंटचा गोळा ठेवून सहा-आठ आठवड्यांत त्याभोवती पडदा तयार होऊ देतात, मग आत हाडाचा चुरा भरतात.

तुम्ही वाचलेल्या अभ्यासात पिळण्याच्या चाचणीचा आकडा 'चांगल्या पायाच्या इतके टक्के' असा दिलाय का, ते शोधा. नुसते एक्स-रेच असतील, तर घरच्या माणसासाठी मी तरी अजून काकांची रिंगच निवडेन.