गटात बोलले, पानावर कधी येणार?

प्रश्न : भोसरीत आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे, ६० माणसे. कामाचे सगळे बोलणे चौदा व्हॉट्सॲप गटांवर होते आणि अडत काही नाही. मग ज्ञान-व्यवस्थापनासाठी, म्हणजे कामातली माहिती आणि अनुभव जपून ठेवायला, आणखी एक सॉफ्टवेअर कशाला?

बोलायला व्हॉट्सॲपच राहू द्या. मशीन अडले की फोटो टाकायचा आणि पाच मिनिटांत उत्तर घ्यायचे, ही सोय काढून घेतलीत तर लोक ती चोरून वापरतील. अडचण त्या पाच मिनिटांनंतरची आहे. तोच बिघाड आठ महिन्यांनी पुन्हा येतो तेव्हा जुने उत्तर ‘झाले साहेब’, अंगठे आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडले गेलेले असते. नुसता फोटो टाकला असेल तर शब्द घालून तो सापडत नाही. मागाहून रुजू झालेल्या माणसाला गटाचा सगळा जुना इतिहास मिळत नाही. कोणी निरोप आपोआप पुसण्याची सोय चालू केली असेल, तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांत तेही संपते.

म्हणून नियम एकच ठेवा : प्रश्न दुसऱ्यांदा आला की उत्तर विकीच्या (सगळ्यांना वाचता आणि बदलता येणाऱ्या पानांच्या संकेतस्थळाच्या) पानावर जाते, आणि गटात त्या पानाचा दुवा टाकायचा. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने १९९५ मध्ये पहिली विकी उभारली तेव्हापासून तिचे मर्म हेच आहे की वाचणाऱ्याला चूक दिसली तर त्याने ती तिथेच दुरुस्त करावी.

पान दहा-बारा ओळींचे पुरे. शीर्षक शॉपवर बोलतात त्याच शब्दांत द्या : ‘लांब शाफ्टला टेपर येतो’, म्हणजे लेथवर कातलेला लांब दांडा एका टोकाकडे निमुळता होतो. ‘मितीय विचलनाची कारणमीमांसा’ असे काही लिहिलेत तर ते पान ऑडिटरशिवाय कोणी उघडणार नाही. खाली लक्षण. मग तपासणी : टेस्ट बार (तपासणीचा सरळ दांडा) लेथच्या दोन सेंटरमध्ये धरा, डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारे मापक) कॅरेजवर बसवून लांबीभर फिरवा, काटा सरकला तर टेलस्टॉक (दांड्याचे दुसरे टोक धरणारा लेथचा भाग) रेषेत नाही, स्थिर राहिला तर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, वाकतोय का आणि टूल झिजले आहे का ते पाहा. मग उपाय, आणि शेवटी हे कोणी, कोणत्या मशीनवर, कधी पाहिले. ही शेवटची ओळ लोक हमखास गाळतात. ती नसली की दोन वर्षांनी पानावर विश्वास ठेवावा की नाही हे कळत नाही.

प्रश्न : आम्ही विकी बसवली. पहिल्या महिन्यात चाळीस पाने झाली, आता महिन्याला एकही नाही. पानामागे बक्षीस ठेवावे का?

नको. पानामागे पैसे लावले की एका पानाची पाच पाने होतात आणि उरलेली इंटरनेटवरून उतरवलेली असतात.

आधी अपेक्षा खाली आणा. ऑनलाइन समूहांत साधारण ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के कधीमधी लिहितात आणि १ टक्का बहुतेक भार उचलतो, असा ठोकताळा संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडला. तो उघड्या इंटरनेटसाठी होता. कचेरीत आकडे वेगळे पडतील, पण कल तोच राहतो. समजा सव्वाशे माणसांची संस्था असेल, तर त्यांत आठ-दहा लिहिणारे मिळाले तर विकी चालू शकते.

त्या आठ-दहांना हात द्यायला एक ‘माळी’ नेमा. आठवड्यातून अर्धा दिवस त्याने गटांतले बोलणे चाळायचे, पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न उचलायचे आणि कच्चे पान स्वतः लिहून ज्याचे उत्तर होते त्याला दाखवायचे. कोऱ्या पानाला घाबरणारा माणूस चुकीचे पान मात्र लगेच दुरुस्त करतो. पानावर नाव उत्तर देणाऱ्याचे घाला, माळ्याचे नको. झेरॉक्सने १९९० च्या दशकात कॉपिअर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी ‘युरेका’ ही प्रणाली उभारली. तिथे तंत्रज्ञाने सुचवलेली युक्ती जाणकार तपासत आणि मग ती त्याच्या नावासकट सगळ्यांपर्यंत जाई. सहकाऱ्यांत होणारे नाव हीच तिथली कमाई होती.

दोन गोष्टी विकीला हमखास मारतात. वेगळा पासवर्ड ही एक. रोजच्या लॉगिननेच विकी उघडली पाहिजे. दुसरी म्हणजे फोनवर उत्तरे देणारे साहेब. पान असतानाही साहेब तोंडी सांगत राहिले, तर पान कोण वाचेल?

प्रश्न : कोणीही बदलू शकेल असे पान आयएसओच्या ऑडिटमध्ये कसे चालेल?

दोन थर करा. मंजूर कार्यपद्धतीची पाने कुलूपबंद. ती बदलायचा हक्क दोघा-तिघांनाच. अनुभवाची पाने सगळ्यांना खुली, आणि वर ठळक ‘मंजूर दस्तऐवज नाही’ असा शिक्का. अनुभवातले काही पक्के ठरले की ते मंजूर पानात घ्यायचे. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या मानकाचे कलम ७.१.६ संस्थेला लागणारे ज्ञान ठरवा, जपा आणि उपलब्ध ठेवा असेच सांगते. दस्तऐवजांच्या नियंत्रणासाठी लागते ते, म्हणजे कोणी, कधी, काय बदलले, विकीच्या इतिहासात आपोआप नोंदले जाते. खरा धोका मशीनवर चिकटवलेल्या जुन्या छापील प्रतीचा. तिच्यावर छापल्याची तारीख आणि पानाचा क्यूआर कोड हवाच.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची वीस वर्षांची परिपत्रके अपलोड केली, पण मराठीत शोधले तर काहीच सापडत नाही. सॉफ्टवेअर खराब आहे का?

बहुधा नाही. अशा जागी तीन वेगवेगळी दुखणी असतात.

पहिले, जुने फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व (प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेत देणारी पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टंकलेल्या फाइलीत खरे तर रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. फॉन्ट त्यांना मराठी वेश चढवतो. एक शब्द उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. अगम्य रोमन अक्षरे दिसली तर हेच कारण. परिवर्तक (जुन्या फॉन्टचा मजकूर बदलून देणारे सॉफ्टवेअर) वापरून युनिकोड करा, पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा. रकमा आणि व्याजदर तर मूळ कागदाशी ताडूनच घ्या. स्कॅन केलेले कागद असतील तर ३०० डीपीआयला स्कॅन करून टेसरॅक्टसारख्या, चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीतून मजकूर काढता येतो. तिला मराठी येते.

दुसरे, सारखी दिसणारी पण वेगळी अक्षरे. ‘ॲप’मधला ॲ एकाच संकेताचा असू शकतो किंवा ‘अ’वर अर्धचंद्र देऊन बनवलेला. डोळ्याला फरक दिसत नाही, शोधयंत्राला दिसतो. ‘१२’ आणि ‘12’ यांचेही तेच. कीबोर्ड सगळ्यांना एकच ठरवून द्या.

तिसरे दुखणे आपल्या व्याकरणाचे. ‘हप्ता’ शोधला तर ‘हप्त्याची’ सापडेलच असे नाही, कारण प्रत्यय लागताना मूळ शब्दच बदलतो आणि पुष्कळशा शोधयंत्रांना मराठी सामान्यरूप (प्रत्ययाआधी शब्दाचे होणारे बदललेले रूप) कळत नाही. म्हणून शीर्षकात शब्द मूळ रूपात ठेवा, आणि पानाच्या तळाशी ‘हेही शब्द’ अशी ओळ घाला : हप्ता, हप्त्याची, ईएमआय, परतफेड. मीडियाविकी (विकिपीडियाचे सॉफ्टवेअर) असेल तर पर्यायी नावांची पुनर्निर्देशने करा, म्हणजे दुसरे नाव शोधले तरी तेच पान उघडेल. दिसायला गावठी, पण उपयोगी.

प्रश्न : साखर कारखान्यातले आमचे मुख्य पॅनमन (पॅनमध्ये रस आटवून साखरेचा दाणा बनवणारे कारागीर) जूनमध्ये निवृत्त होत आहेत. त्यांना सगळे लिहून द्यायला सांगितले आहे. पुरेसे आहे?

तीस वर्षे हातांनी केलेले काम माणसाला सांगता येते त्याहून जास्त ठाऊक असते. लिहून मागाल तर मॅन्युअलमधले चार परिच्छेद मिळतील. काचेवर नमुना घेऊन दाणा पाहताना ते नेमके काय पाहतात, ते त्या क्षणीच विचारावे लागते. त्यामुळे गाळप चालू असतानाच रेकॉर्डिंग करा. हंगाम संपला की दाखवायला पॅनमध्ये काहीच नसेल. दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओ फिती घ्या, एका फितीत एकच निर्णय. विचारणारा त्यांचा हाताखालचा माणूस असू द्या, आणि ‘काय करता?’ऐवजी ‘शेवटचा बिघडलेला पॅन कोणता, आणि कशावरून कळले?’ असे विचारा. फितीखाली पाच ओळी शिकणाऱ्याने लिहायच्या आणि त्या पॅनमननी दुरुस्त करायच्या. दुरुस्ती करतानाच बरेचसे बाहेर येते.

प्रश्न : हे सगळे करण्यापेक्षा गटांतले सारे निरोप एखाद्या एआय सहायकाला दिले तर?

गटात तीन माणसांनी तीन उत्तरे दिलेली असतात आणि त्यातली दोन नंतर चुकीची ठरलेली असतात. सहायक तिन्हींतले एखादे सफाईदार मराठीत सांगेल. त्याला तपासलेली, तारीख असलेली पाने द्या आणि प्रत्येक उत्तराखाली पानाचा दुवा दाखवायला लावा. शिवाय गटांत ग्राहकांचे, कामगारांचे फोन नंबर आणि आधारचे फोटो असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर ते उचलून बाहेरच्या सेवेला देण्याआधी वकिलाला विचारा.