एचआयव्हीची टेस्ट केली तर घरात कळतंय काय?

बेळगाव, निपाणी, खानापूरकडची कॉलेजची मुलं माझ्यासमोर बसली की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच. आजाराचं नंतर.

निपाणीकडचा बी.कॉम.चा एक मुलगा असाच आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पाच महिन्यांपूर्वी कंडोमशिवाय संबंध आला होता. एचआयव्ही कशानं होतो, कशानं नाही, सगळं त्याला पाठ. कॉलेजात एचआयव्हीची माहिती देणाऱ्या रेड रिबन क्लबच्या प्रश्नमंजूषेत बक्षीस मिळवलेलं. तरी घरात त्यानं टॉवेल वेगळा केला होता, सगळ्यांच्या तांब्यातनं पाणी प्यायचं सोडलं होतं. भांड्यातनं, टॉवेलातनं एचआयव्ही होत नाही, हे उत्तर त्यानंच तिथं दिलं होतं! इतके महिने ही भीती त्यानं एकट्यानं सोसली, याचं मला फार वाईट वाटलं.

"मग टेस्टला का आला नाहीस?"

"फॉर्मवर गावाचं नाव येणार, मॅडम. आशाताई आमच्याच गल्लीतल्या. कॉलेजात रक्तदान शिबिर आहे, तिथं रक्त देतो. ते तपासतातच की."

असा विचार करणारा तो पहिला नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासते, हे खरं. पण लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, चाचणीत ती दिसत नाही. त्या काळातलं रक्त तपासणीतनं सुटू शकतं आणि एखाद्या बाळंतिणीला चढू शकतं. मनात शंका असेल तर रक्त देऊ नका, आधी चाचणी करा.

सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात ती मोफत होते. आधी समुपदेशक एकांतात बोलतात, तुमची संमती घेतात, मग थोडं रक्त काढतात. रिपोर्टही तुमच्याच हातात. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं संमतीशिवाय चाचणी करायला आणि तुमचा निकाल दुसऱ्याला सांगायला बंदी आहे. अठरा पूर्ण असतील तर आई-वडिलांची सही लागत नाही. गावाजवळ नकोच वाटत असेल तर कोल्हापूरला जा. तिथंही सरकारी केंद्रात पैसे पडत नाहीत.

त्यानं त्याच दिवशी चाचणीसाठी रक्त दिलं. निकाल निगेटिव्ह आला. पाच महिने उलटले होते, मधल्या काळात पुन्हा धोका आला नव्हता, त्यामुळे परत तपासायची गरज नव्हती. पॉझिटिव्ह आला असता तरी एका किटवर कुणी तसं ठरवत नाही, तीन वेगवेगळ्या किटवर खात्री करतात. मग एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या लगेच आणि मोफत सुरू होतात. त्या नियमित घेतल्या की माणूस शिकतो, नोकरी करतो, लग्नही करतो.

आणि प्रसंग कालपरवाचाच असेल तर तीन महिने थांबू नका. 72 तासांच्या आत दवाखाना गाठा, जितकं लवकर तितकं बरं. लागण टाळणारी औषधं तेवढ्याच वेळेत सुरू करता येतात, ती 28 दिवस घ्यायची असतात. कुठं जायचं कळत नसेल तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन करा, पैसे लागत नाहीत.