आधी काय दिसलं ते लिही

प्रिय मुली,

तुझी 'फँड्री' चित्रपटावरची असाइनमेंट दोनदा वाचली. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसलो आणि 'क्लोजअपमुळे भावना अधिक तीव्र होतात' या वाक्याखाली रेघ मारली. हे वाक्य तुझं नाही. दरवर्षी निम्म्या वर्गाच्या वह्यांत ते मला भेटतं. 'लो ॲंगल (कॅमेरा खालून) म्हणजे सत्ता, हाय ॲंगल (कॅमेरा वरून) म्हणजे हतबलता' हे त्याचंच सख्खं भावंड. परीक्षेत याला मार्क मिळतात, म्हणून रागावत नाही. पण एवढ्याने चित्रपटाची भाषा आली असं समजू नकोस. शब्दकोश पाठ करून कुणाला बोलता आलंय?

'फँड्री' निवडलास ते बरं केलंस. त्यातला डुक्कर पकडण्याचा प्रसंग घेतलास तेही उत्तम. आणि मग लिहिलंस काय, तर 'येथे दिग्दर्शकाने व्यवस्थेवर भाष्य केले आहे.' अगं, पण ते भाष्य कुठून आलं? पडद्यावर तर कुणीच भाष्य करत नाहीये. जब्याचं, म्हणजे त्या शाळकरी नायकाचं, कुटुंब डुकरामागे धावतंय, बघणारे हसतायत, आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. धावणारी माणसं आहेत तिथे उभी राहतात. डुकराला राष्ट्रगीत कळत नाही, ते आपलं चालत राहतं.

आता तोच प्रसंग आवाज बंद करून बघ. माणसं उगाच थिजल्यासारखी वाटतील, थोडं हसूही येईल. मग आवाज चालू कर आणि डोळे मिट. शाळा भरल्याचा नेहमीचा आवाज, त्यात काहीच वावगं नाही. दोन्ही एकत्र आले की मात्र पोटात खड्डा पडतो. पोटासाठी धावायला लावणारं गाव आणि सावधान उभं राहायला शिकवणारी शाळा, दोघांचे हुकूम एकाच वेळी एकाच शरीरावर येतात. नागराज मंजुळेंनी २०१३च्या या चित्रपटात हे एका आवाजावर तोललंय. कोण आधी थांबतं, कॅमेरा किती लांब आहे, कट कुठे पडतात, हे मी मुद्दाम सांगत नाही. ते बघून तू लिहायचं.

लिहिताना विशेषण वापरायचं नाही, एवढीच अट. 'उदास प्रकाश' नको. खिडकी डावीकडे आहे, चेहऱ्याची उजवी बाजू अंधारात आहे, असं लिही. 'भेदक शांतता' नको. पंखा थांबला की कुणी बोलायचं थांबलं, ते लिही. अर्थ नंतर लावू, तो कुठे पळून जात नाही.

दुसरं म्हणजे, शॉट किती सेकंद टिकतो ते मोज. मोबाइलमध्ये स्टॉपवॉच आहे ना? आम्ही स्टीनबेकवर, म्हणजे फिल्मची रिळं फिरवून बघायच्या टेबलावर, एडिटिंग करायचो तेव्हा मोजल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पस्तीस एमएम फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, सेकंदाला २४, म्हणजे मिनिटाला ९० फूट. फिल्मवर उमटणाऱ्या मेणाच्या चिनाग्राफ पेन्सिलने खूण करायची, कापायचं, टेपने जोडायचं. कट पुढेमागे करायचा तर कापलेला तुकडा पुन्हा शोधून आणायचा. एकदा माझे सहा फ्रेम हरवले. अर्धा दिवस टेबलाखाली रांगत होतो, शेवटी माझ्याच चपलेला चिकटलेले सापडले. सहा फ्रेम म्हणजे पाव सेकंद. पण त्या पाव सेकंदात नटीची पापणी मिटत होती, आणि त्याशिवाय तिचं पुढचं 'हो' खोटं वाटत होतं. आता तुम्हाला एका बटणावर सगळं परत मिळतं. चांगलंच आहे. फक्त पाव सेकंदाची किंमत कळायला वेळ लागतो.

मोजायची सवय लागली की 'कोर्ट' बघ, चैतन्य ताम्हाणेंचा, २०१४चा. शेवटाकडे सुट्टीआधीचं कामकाज संपतं, माणसं निघून जातात, खोलीतले दिवे बंद होतात. कॅमेरा मात्र हलत नाही, अंधार होईपर्यंत तिथेच. चित्रपट संपला असं वाटून माणूस चप्पल शोधायला लागतो, आणि तो संपलेला नसतो. पुढे आपण न्यायाधीशांबरोबर त्यांच्या सहलीला जातो. माणसं बाहेर पडल्यावर दोन सेकंदांत कट केला असता तर 'कोर्ट बंद झालं' एवढी माहिती मिळाली असती. थांबल्यामुळे कळतं की चित्रपटातल्या लोकशाहिरावरचा खटला आता या अंधारात पडून राहणार.

आणि त्या कॅमेऱ्याचं अंतर बघ. बराच वेळ तो मागच्या बाकावर बसलेल्या माणसासारखा लांबून बघतो. तरी राग येतो की नाही? मला तर क्लोजअप नाही म्हणूनच जास्त आला. कुणाकडे बघायचं हे कुणी बोट धरून दाखवत नाही, बघणारा एकटा पडतो. मग तुझ्या त्या रेघ मारलेल्या वाक्याचं काय करायचं ते तूच ठरव. हा चित्रपट मोबाइलवर बघू नकोस बाई, लांबच्या शॉटमधली माणसं मुंगीएवढी होतात. पुण्यात आहेस तर मोठ्या पडद्यावर बघायची संधी सोडू नकोस. लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे काय दाखवतायत याकडे लक्ष ठेव.

'इंग्रजी कच्चं आहे, पुस्तकं डोक्यावरून जातात' असं लिहिलंयस. पुस्तकं हळूहळू कळतील. सेटवर कॅमेऱ्याची ट्रॉली ढकलणाऱ्याने ती वाचलेली नसतात, पण नट उठायच्या आधी ट्रॉली हलली तर काय बिघडतं हे त्याला नेमकं ठाऊक असतं. शॉट, कट, पॅन हे शब्द आता आपलेच झालेत, बिनधास्त वापर. 'मिझ-आँ-सेन' म्हणताना मुलांच्या घशात काटा अडकतो. त्यापेक्षा फ्रेममध्ये काय, कुठे आणि कुणाच्या किती जवळ मांडलंय, हे सरळ मराठीत सांग.

एक गोष्ट घरी करून बघ. १९२०च्या आसपास मॉस्कोत लेव कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा तोच चेहरा सूप, शवपेटी अशा वेगवेगळ्या गोष्टींशी जोडला, आणि बघणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक दिसली, दुःख दिसलं, असं सांगतात. तू तुझ्या आजोबांचा चेहरा घे. आठ सेकंद, अभिनय अजिबात नको. एकदा तो पिठल्याच्या ताटलीला जोड, एकदा रिकाम्या खाटेला, एकदा टीव्हीवरच्या मॅचला. तिघांना वेगवेगळं दाखव आणि आजोबा काय विचार करतायत ते विचार. उत्तरं लिहून ठेव.

रविवारी सकाळी ये. 'फँड्री'तल्या त्या प्रसंगाची दोन पानं आण, विशेषण दिसलं तर चहा मिळणार नाही. आणि आजोबांचे ते आठ सेकंद. ते मध्येच कॅमेऱ्याकडे बघून हसले असतील तर तोही शॉट आण, टाकून देऊ नकोस.

तुझे,
सर