उत्सवांच्या गर्दीत आणि रात्रीच्या शहरांत अनोळखी माणसांशी खरी ओळख होते का?

आपण विचारले आहे की, परदेशात एकट्याने फिरताना मोठे उत्सव आणि रात्रभर जागणारी शहरे या दोन्ही ठिकाणी अनोळखी माणसांशी खरोखर ओळख होते, की आपण गर्दीत उभे राहून छायाचित्रे काढतो आणि तसेच परत येतो. आणि ओळख होत असेल, तर त्यासाठी काय करावे. ओळख होते, असा माझा अनुभव आहे. मात्र उत्सवाच्या ज्या क्षणाची छायाचित्रे पाहून आपण तिकीट काढतो, त्या क्षणी ती जवळजवळ कधीच होत नाही. सगळ्यांच्या नजरा तेव्हा एकाच दिशेला लागलेल्या असतात, शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, आणि ज्यांच्याशी बोलावेसे वाटते ते स्थानिक लोक आपल्या कामात, मानपानात किंवा नातेवाइकांत गुंतलेले असतात. ओळखी होतात त्या आदल्या दिवसांच्या तयारीत, ताटकळत उभे राहण्याच्या तासात आणि सगळे आटोपल्यावर जिथे लोक खायला बसतात तिथे. रात्रीच्या जागांविषयीही माझे मत असेच थोडे उलटे आहे: जिथे वागण्याचे नियम पक्के ठरलेले असतात तिथेच परक्या माणसाला वाव मिळतो.

स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहराचा फायास हा उत्सव मी या दृष्टीने सर्वांत वर ठेवते. या शहरात जवळपास चारशे मोहल्ला-मंडळे आहेत, आणि प्रत्येक मंडळ वर्षभर वर्गणी गोळा करून चौकात उभारण्यासाठी एक भव्य शिल्पसमूह तयार करून घेते. पूर्वी हे काम लाकूड आणि कागदाच्या लगद्यात होत असे. आता त्यासाठी बऱ्याच अंशी थर्माकोल वापरतात. राजकारणी, बडे लोक, महागाई, पर्यटक अशा सर्वांची त्यात यथेच्छ टिंगल केलेली असते. १५ मार्चला ही शिल्पे उभी राहतात आणि १९ मार्चच्या रात्री सगळी जाळली जातात. लोकांच्या मतदानाने निवडलेली एखादी आकृती तेवढी वाचते आणि संग्रहालयात जाते. ही प्रथा १९३४ पासून चालू आहे. २०१६ मध्ये युनेस्कोने हा उत्सव अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला, आणि तेव्हापासून १९ तारखेच्या रात्री मध्यवर्ती चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. म्हणूनच तिथे उभे राहण्याचा आग्रह मी कुणालाही करत नाही.

त्याऐवजी दुपारच्या मास्क्लेताला जावे. १ मार्चपासून १९ मार्चपर्यंत दररोज दुपारी २ वाजता नगरपालिकेसमोरच्या चौकात दारूकाम होते. भर उन्हात असल्यामुळे त्यात बघण्यासारखे फारसे नसते. ते ऐकायचे असते, आणि ऐकण्यापेक्षाही छातीत जाणवून घ्यायचे असते. लोक तासभर आधीच येऊन उभे राहतात. पहिल्या दिवशी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी, मी कानांवर हात ठेवलेले पाहून, हात खाली घ्यायला लावले आणि तोंड किंचित उघडे ठेवायला सांगितले, म्हणजे कानांवर दाब येत नाही. पाच-सात मिनिटांत सगळे संपते, आणि त्यानंतर जे सुरू होते ते मला अधिक मोलाचे वाटते. दररोज वेगळ्या कारागिराकडे काम असल्यामुळे प्रत्येक जण समीक्षक होतो: आजची सुरुवात रेंगाळली, मधली लय चांगली होती, शेवटचा कडकडाट कालच्यापेक्षा कमी पडला. 'आजची कशी वाटली?' एवढा प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारता आला की पुढचा अर्धा तास आपल्याला बोलावे लागत नाही, फक्त ऐकावे लागते. कोणत्याही शहरात स्थानिकांना ज्या गोष्टीविषयी ठाम मत असते ती गोष्ट शोधून काढावी; नाव, गाव, व्यवसाय विचारण्यापेक्षा तो रस्ता कितीतरी जवळचा असतो.

१५ तारखेची संध्याकाळ मी मुद्दाम शहराच्या मध्यापासून दूर, एका साध्या वस्तीत घालवली. ज्या शिल्पांना मोठी बक्षिसे मिळतात त्यांच्याभोवती कठडे, तिकिटे आणि रांगा असतात. लहान मंडळांकडे मात्र हातांचीच कमतरता असते. एका गल्लीत मुलांसाठीचे छोटे शिल्प उभे राहत होते. मी बराच वेळ बाजूला उभी आहे हे पाहून एका बाईंनी माझ्या हातात विजेरी दिली आणि ती कुठे धरायची ते खुणेने सांगितले. पुढचे काही तास मी विजेरी धरली, पायथ्याशी गवताचे तुकडे अंथरले, आणि व्हॅलेन्सियन भाषेतल्या टोमण्यांच्या पाट्या सांगितलेल्या जागी रोवल्या. त्या पाट्यांमधला एक विनोद वस्तीतील कचरा उचलण्याच्या वेळेवर होता, आणि तो मला समजावून देण्यात तीन माणसांचे आपसांत चांगलेच भांडण झाले. रात्री त्यांनी मला आपल्या कासालमध्ये, म्हणजे मंडळाच्या जागेत, जेवायला नेले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कासाल बाहेरून उघडे दिसते, संगीत रस्त्यापर्यंत ऐकू येते, तरी ती वर्गणी भरणाऱ्या सभासदांची जागा असते, आणि बोलावल्याशिवाय आत शिरणे उद्धटपणाचे समजले जाते. रस्त्यावरचे नाच मात्र सर्वांसाठी खुले असतात.

१९ तारखेला मी मोठ्या चौकात न जाता त्याच गल्लीत गेले. मुलांचे शिल्प आधी जाळतात, मोठे नंतर. अग्निशामक दल शेजारच्या भिंतींवर पाण्याचा मारा करत राहते आणि अरुंद गल्लीत त्यांचा माणूस हजर झाल्याशिवाय आग लावता येत नाही, त्यामुळे बराच वेळ वाट पाहावी लागते. पारंपरिक पोशाखातील मंडळाच्या मुली ज्वाळा उठताच हुंदके देऊन रडू लागल्या. आजूबाजूचे पर्यटक त्यांच्याकडे कॅमेरे रोखत होते. मला मात्र त्या पाट्या कुणी रंगवल्या होत्या हे ठाऊक असल्यामुळे कॅमेरा काढावासा वाटला नाही. चार दिवस आधी पोहोचल्याने एवढा फरक पडतो.

प्रत्येक उत्सवात असे हात लावू दिले जातात, असे समजू नये. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराचा फासनाख्त याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. अॅश वेन्सडेनंतरच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारनंतरच्या, सोमवारी पहाटे ठीक ४ वाजता जुन्या शहरातील दिवे मालवले जातात आणि त्या अंधारात मोठमोठे रंगवलेले कंदील घेऊन, मुखवटे घातलेले जथे पिकोलो, म्हणजे छोट्या बासऱ्या, आणि ढोल वाजवत निघतात. हा उत्सव ७२ तास चालतो. प्रेक्षकांनी वेशभूषा करून जायचे नसते. त्यांनी त्या वर्षीचा बिल्ला विकत घेऊन कोटावर लावायचा असतो, आणि बिल्ला नसणाऱ्यांच्या डोक्यावर रंगीत कागदांच्या कपट्यांचा वर्षाव अधिक जोमाने होतो. मुखवट्यामागच्या माणसाशी आपण बोलू शकत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. मात्र एखाद्या जथ्याच्या मागे त्याच संथ चालीने गल्लीबोळांतून चालत राहण्यास कुणाची हरकत नसते. थंडीने पाय बधिर झाले की उपाहारगृहात शिरून भाजलेल्या पिठाचे सूप आणि कांद्याचा टार्ट घ्यावा. जागा अपुरी असल्यामुळे सगळे एकमेकांना चिकटून बसलेले असतात, आणि एरवी मितभाषी असलेली ही माणसे त्या वेळी आपणहोऊन बोलू लागतात. संध्याकाळी उपाहारगृहांत फिरणारे गायक स्थानिक बोलीत उपहासाची कडवी म्हणतात. ती मला एकही समजली नाहीत, पण शेजारच्या जोडप्याने प्रत्येक कडव्यानंतर मला अर्थ सांगितला, आणि अर्थ सांगताना त्यांना पुन्हा हसू येत होते.

आता रात्रीविषयी. अनोळखी माणसाला भेटण्याची याहून अधिक विचारपूर्वक केलेली व्यवस्था मी पाहिलेली नाही, असे मी ब्युनोस आयरेसच्या मिलोंगाविषयी, म्हणजे टँगो नाचाच्या मैफलीविषयी, म्हणेन. तेथे कुणी टेबलापाशी येऊन हात पुढे करत नाही. नाचायची इच्छा असलेला पुरुष दुरून नजर भिडवतो आणि मान किंचित हलवतो. बाईची इच्छा असेल तर तीही मान हलवते, नसेल तर नजर दुसरीकडे वळवते. नकार दिला गेला हे त्या दोघांशिवाय कुणालाच कळत नाही, त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही आणि कुणाला कारण द्यावे लागत नाही. एकट्या फिरणाऱ्या बाईला ही पद्धत किती निश्चिंत करते, हे तिथे एक रात्र बसल्याशिवाय कळणार नाही. तीन किंवा चार गाण्यांचा एक संच असतो, त्याला तांदा म्हणतात, आणि तो संपेपर्यंत जोडीदार बदलायचा नसतो. मध्येच 'ग्रासियास', म्हणजे 'धन्यवाद', म्हटले, तर आपल्याला पुढे नाचायचे नाही असा त्याचा अर्थ होतो. दोन गाण्यांच्या मध्ये मात्र जोड्या लगेच नाचू लागत नाहीत. नवे गाणे सुरू झाल्यावरही काही क्षण उभ्या उभ्या बोलत राहतात. कुठून आलात, किती दिवस आहात, पाऊस थांबला का, एवढेच. संच संपला की पुरुष बाईला तिच्या जागेपर्यंत सोडतो आणि संबंध तिथे पूर्ण होतो. दहा-बारा मिनिटांची ही ओळख मला अपुरी वाटली नाही. ज्यांना नाचता येत नाही त्यांनी मैफलीपूर्वी बऱ्याच ठिकाणी होणाऱ्या वर्गाला जावे. आणि नुसते पाहायचे असेल तर मागची जागा मागावी, कारण नाचाच्या जागेलगतच्या खुर्च्या नाचणाऱ्यांसाठी असतात.

बर्लिनविषयी मी थोडक्यात सांगते, कारण तेथील क्लबांचे कौतुक पुरेसे झालेले आहे. पश्चिम बर्लिनमध्ये १९४९ मध्येच मद्यगृहे बंद करण्याच्या वेळेचे बंधन उठले, आणि आज तिथे शनिवारची रात्र रविवारच्या दुपारपर्यंत लांबते. अनेक ठिकाणी दारातच आपल्या फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात, आणि हा नियम मला फार आवडतो. तरीही संगीत आवडत नसेल तर केवळ माणसे भेटतील म्हणून तिथे रांगेत उभे राहू नये. त्यापेक्षा टोकियोतील शिंजुकू भागातली गोल्डन गाई ही वस्ती बघावी. काही अरुंद बोळांत दोनशेहून अधिक चिमुकले बार आहेत, आणि कित्येकांत सहा-आठ माणसेच मावतात. एवढ्या जागेत मालक किंवा मालकीण आपोआप यजमान होते आणि दोन ग्राहकांची ओळख करून देणे हा तिच्या कामाचाच भाग असतो. काही बार फक्त नेहमीच्या लोकांसाठी असतात आणि काही बसण्याचेच पैसे घेतात, म्हणून दारावरची पाटी वाचून, आत डोकावून, विचारूनच शिरावे. शेवटची लोकल गाडी मध्यरात्रीच्या सुमारास जाते आणि पहिली पहाटे ५ च्या आसपास येते. मधला वेळ कुठे काढायचा हे आधी ठरवलेले बरे.

कोणाशी ओळख करू नये, हेही आपल्याला जाणून घ्यायचे असेलच. गोल्डन गाई काबुकिचो या रात्रीच्या करमणुकीच्या भागातच आहे, आणि तिथे रस्त्यावर गाठून 'चांगल्या बारमध्ये नेतो' असे म्हणणाऱ्या दलालांपासून सावध राहावे, अशा सूचना ध्वनिक्षेपकांवरून सतत दिल्या जातात. अशा माणसाच्या मागे गेल्यास आत अवाच्या सवा बिल हाती पडते. मी एकच कसोटी लावते: जागा कुणी निवडली? मी निवडलेल्या जागी कुणी शेजारी बसले, तर मी मोकळेपणाने बोलते. रस्त्यात भेटलेल्या माणसाने जागा सुचवली आणि घाईही केली, तर तो कितीही सभ्य वाटला तरी मी नम्रपणे निघून जाते. पेला नजरेआड होऊ देत नाही, आणि मुक्कामाचे ठिकाण विचारले तर फक्त परिसराचे नाव सांगते. परतीचे वाहन नक्की केल्याशिवाय मी संध्याकाळी बाहेर पडत नाही.

आपल्याला यांपैकी एकच ठिकाण निवडायचे असेल, तर व्हॅलेन्सिया निवडावे आणि १४ मार्चपर्यंत पोहोचावे. खोली काही महिने आधीच राखून ठेवावी लागते. ती मध्यवर्ती चौकाजवळ घेण्याचा मोह टाळून चालत पाऊण तासाच्या अंतरावरील एखाद्या वस्तीत घ्यावी. तिथेही मंडळ असतेच. झोपेची अपेक्षा मात्र कुठेच ठेवू नये, कारण रस्त्यावरचे नाच उत्तररात्रीपर्यंत चालतात आणि सकाळी ८ वाजता तेच लोक बँड लावून, फटाके आपटत सगळी गल्ली जागी करतात.