दलालाविना घर दाखवताना

प्रश्न : गुहागरजवळचे आमचे कौलारू घर दलालाविना विकायचे आहे. ते पावसाळ्यात दाखवावे की दिवाळीनंतर, आणि दाखवताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : दिवाळीपर्यंत थांबू नये, असे आमचे मत आहे. भर पावसात कौलांखालचे वासे, रीप आणि जांभ्याच्या भिंतींतली ओल गिऱ्हाइकाला स्वतः पाहता येते, आणि बाहेर पागोळ्या गळत असताना माजघर कोरडे दिसले, तर वेगळ्या शिफारशीची गरज उरत नाही. गळतीचे डाग चुना मारून झाकू नयेत. साध्या पाहणीत न दिसणारा, परंतु आपल्याला ठाऊक असलेला मोठा दोष खरेदीदारास सांगणे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विक्रेत्यावर बंधनकारक आहे. भेट वेळ ठरवून, दिवसाउजेडीच द्यावी. सातबारा आणि घरपट्टीची पावती पडवीत बसून दाखवावी, मूळ खरेदीखत मात्र हातात देऊ नये. सातबाऱ्यावर चुलत्यांची, आत्यांची नावे असल्यास (कोकणात ती बहुधा असतातच) त्यांची संमती आधी घ्यावी. आंब्याची कलमे शेतजमिनीत असतील, तर ती जमीन सामान्यतः शेतकऱ्यालाच विकत घेता येते. तेव्हा गिऱ्हाईक शेतकरी खातेदार आहे का, हे फोनवरच विचारून घ्यावे.